मागाच्या खोलीत ड्रम

माझी मुलगी ड्रम वाजवते, असं आमच्या नागपूरच्या इतवारीत कुणालाही सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "कोणत्या बँडपार्टीत?" मग मी समजावतो की वरातीतला ड्रम नाही, हा खुर्चीवर बसून, दोन्ही हात आणि दोन्ही पाय लावून वाजवायचा, लहानमोठे ढोल आणि झांजा असा सगळा संच असतो. समोरचा नीट ऐकून घेतो, मान डोलावतो आणि विचारतो, "हव, हव. पण कोणत्या बँडपार्टीत?" मी आता समजावणं सोडून दिलं आहे. पुण्याच्या, असं म्हणतो आणि पुढे निघतो.

पुण्याचं म्हणणं काही खोटं नाही. कॉलेज संपल्यावर ती तिकडे गेली, तिथे दोघातिघांबरोबर तिचा ग्रुप जमला आणि बरीच वर्षं ती तिकडचीच होऊन गेली. मागच्या वर्षी बायकोच्या पित्ताशयातले खडे काढायचे निघाले, तेव्हा ती धावत घरी आली. ऑपरेशन झालं, बायको बरी झाली, मला पूर्वीसारखी रागावू लागली, म्हणजे अगदी पूर्ण बरी झाली. मुलगी मात्र राहिली. तिचा ड्रमचा संच ट्रान्सपोर्टने मागवला गेला आणि खालच्या खोलीत चादरीखाली झाकून पडला. मी सकाळी उठलो की आधी तिच्या खोलीतल्या कपाटावर नजर टाकायचो. मोठी बॅग कपाटावर दिसली की मग दात घासायला जायचो.

आणि मग एक दिवस जेवताना ती म्हणाली, "बाबा, मले खाली एक बूथ बनवाचा आहे. लहानसा. आतला आवाज बाहेर नाही गेला पाह्यजे अन् बाहेरचा आत नाही आला पाह्यजे."

"अन् त्या डब्यात तू बसशीन?"

"हव. बसून वाजवीन, रेकॉर्ड करीन अन् पुण्याले पाठवीन. ते लोक मले परत बोलावून राहिले. मी त्यांना सांगतलं, इथूनच करून पाहते. आवाज साफ आला तं इथंच राहते. नाही आला तं जाते."

तिने हे वरणात लिंबू पिळता पिळता सांगितलं. मीही काही विशेष न घडल्यासारखा घास चावत राहिलो. पण तो घास गिळायच्या आत माझं ठरलं होतं की हा बूथ असा करायचा, की पुण्याला जाण्याचं कारणच उरू नये. मला माझी मुलगी घरात हवी होती. त्याला मी कलेची सेवा वगैरे काही नाव देत नाही.

मी पाटबंधारे खात्यात आरेखक होतो. आयुष्यभर कालवे काढले, बंधाऱ्यांचे दरवाजे काढले, आणि साहेबांनी चुकीच्या मापावर सही केली की तोंडावर सांगून त्यांचा रोषही ओढवून घेतला. निवृत्तीनंतर ड्रॉइंग बोर्ड माळ्यावर गेला होता. तो मी त्याच दुपारी खाली काढला. आवाजाचं मला काही कळत नव्हतं, पण मी मनाशी म्हटलं, आवाज काय आणि पाणी काय, फट मिळाली की सुटणारच. फटी बुजवण्यात माझी हयात गेली आहे.

जागा ठरलेलीच होती, खालची मागाची खोली. आमचं घराणं कोष्ट्यांचं. माझे वडील त्या खोलीत, खड्ड्यात पाय सोडून, मागावर लुगडी विणायचे. मला नोकरी लागली, मागोमाग त्यांचे गुडघे गेले, माग मोडून निघाला, आणि त्या जागी फरशी बसली. पुढे वरती मजला चढला, घराला सिमेंट लागलं, स्कूटर आली, पण त्या खोलीला आम्ही अजून मागाची खोलीच म्हणतो. तिची एक भिंत शेजाऱ्यांच्या गोदामाला लागून आहे. शेजारी भांड्यांचे ठोक व्यापारी, माझ्याच वयाचे. लहानपणी आम्ही दोघं एकाच मास्तरांचा मार खाल्लेले.

मी मुलीला सांगितलं, "भिंतीचं पाहू, छताचं पाहू, पण या जमिनीची काळजी करू नको. हा घरातला सगळ्यात पक्का भाग आहे. मागाचा खड्डा माह्या डोळ्यासमोर भरला."

डोळ्यासमोर म्हणजे काय, तेव्हा मी दिवसभर ऑफिसात असायचो. पण आरेखकाने एकदा जमीन पक्की म्हटली की ती पक्की.

नकाशे सुरू झाले. मला आधी वाटलं होतं की भिंतींना जुन्या गाद्या लावल्या की काम भागेल. घरात पाहुण्यांसाठीच्या कापसाच्या गाद्यांची चांगली छताला टेकणारी चळत आहे. मी नुसतं तिच्याकडे पाहिलं, तर बायको मध्ये येऊन उभी राहिली.

"अवो, लग्नाकार्याले पाव्हणे आले तं ते काय तुमच्या नकाशावर झोपतीन?"

मुलगीही तिच्याच बाजूची निघाली. गादीने खोलीतला घुमारा मरतो, पण ड्रमचा धक्का थांबत नाही. त्याला वजन लागतं आणि मध्ये पोकळी लागते, असं तिने मला समजावलं. खोलीच्या आत दुसरी खोली उभी करायची, आणि ती कुठेही जुन्या भिंतीला शिवू द्यायची नाही. खाली रबराचे ठोकळे, वर लाकडी सांगाडा, सांगाड्याला दोन्हीकडून जिप्समचे जाड पत्रे आणि मध्ये दगडी लोकर. दगडाचीही लोकर निघते हे मला त्या दिवशी कळलं. मी तिच्या बोलण्यात चुका शोधत होतो आणि सापडत नव्हत्या, त्यामुळे जरा चिडचीड झाली आणि जास्त करून अभिमान वाटला.

खरं भांडण झालं ते उन्हाळ्यावरून. नागपुरात बंद डब्यात माणूस बसवायचा म्हणजे मे महिन्यात त्याची काय गत होईल हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मी म्हणालो, कूलर लावू. ती म्हणाली, कूलरची घरघर माइकमध्ये येईल, आणि ओल्या हवेने ड्रमची कातडी रुसते. मग हवेसाठी मी एक लाकडी बोगदा काढला, वळणावळणाचा, आतून कापसाने मढवलेला, म्हणजे हवा जाईल आणि आवाज वळणावळणावर थकेल. कागदावर तो थेट आतड्यांसारखा दिसत होता. बायकोने चष्मा लावून तो नकाशा बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "हे माह्या ऑपरेशनचं आहे का?"

त्याहून मोठं भांडण मात्र कुणी मोठ्याने केलंच नाही. मी भिंती विटांच्या काढल्या होत्या. पक्क्या, चुनेगच्ची नसल्या तरी सिमेंटच्या. मुलीने पेन्सिल घेतली आणि वर हलक्या हाताने लिहिलं, लाकूड, नट-बोल्ट.

"वीट नको, बाबा. खोलता आलं पाह्यजे. कधी हलवाचं काम पडलं तं."

"कायले हलवाचं काम पडन?"

तिने पेन्सिल कानामागे खोचली. बाहेर हातगाडीवाला "बाजू, बाजू" ओरडत गेला, तो आमच्यातच कुणीतरी बोलल्यासारखा वाटला. लाकूड ठरलं, कारण आवाजाच्या हिशेबाने ते बरोबर होतं, आणि चुकीचं माप मला स्वतःच्या फायद्यासाठीही काढता येत नाही. सवयच तशी लागली आहे.

काम सुरू करण्याआधी रिकाम्या खोलीत एकदा वाजवून बघू, असं तिने सुचवलं. संच मांडला, माइक लावले. पायाने वाजवायचा तो मोठा ड्रम तिने खोलीच्या बरोबर मधोमध ठेवला आणि पायपट्टी दाबली. आवाज झाला, पण संपेना. धप्प झाल्यावर मागे एक लांब घुंकार येत राहिला, खालून कुणी हुंकार भरावा तसा. आणि त्या घुंकारामागोमाग भिंतीपलीकडून बारीक छुमछुम आली.

ती थांबली. छुमछुमही थांबली. तिने पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

थोड्या वेळात शेजारी दारात उभे. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. पण गड्याचा चेहरा जत्रेत आल्यासारखा खुललेला. "अरे भाऊ, पोरगी इकडं वाजवते अन् माह्या गोदामातले गंज तिकडं नाचून राहिले! लग्नसराईचा माल आहे, रचून ठेवला भिंतीले. चाल, पाह्य, पाह्य!"

आम्ही जाऊन पाहिलं. स्टीलचे गंज, म्हणजे उभी पातेली, एकात एक घातलेल्या उतरंडी, पार छतापर्यंत. मी शेजाऱ्यांना तिथेच उभं केलं, घरी येऊन मुलीला वाजवायला सांगितलं, परत धावत गेलो, तर खरंच प्रत्येक ठोक्याला वरचे गंज कुजबुजत होते. तक्रार त्यांची काहीच नव्हती. "वाजव म्हणा तिले," ते म्हणाले, "आपल्या गल्लीत आवाजाचा कोनाले त्रास? तुह्या बापाचा माग ऐकत तं आपण झोपाचो." अडचण आमची होती. रेकॉर्डिंगमध्ये ड्रमच्या मागे भांडी वाजत होती, आणि पुण्याला ते गाणं भांड्यांसकट पाठवता येणार नव्हतं.

मी आधी ड्रमला दोष दिला, मग माइकला, मग गंजांना. शेवटी हातोडीचा दांडा घेऊन फरशी ठोकत सुटलो. कडेला ठक्क ठक्क. मध्ये आलो आणि हात थांबला.

बायको दारातून म्हणाली, "हा तं माठ वाजून राहिला."

फरशा उचलल्या. खाली सागाच्या फळ्या. फळ्या उचलल्या, आणि खाली खड्डा. भरलेला नाही, बुजवलेला नाही, कडा शेणामातीने लिंपलेल्या तशाच, बाजूच्या भिंतीत तंबाखूची डबी ठेवायचा लहानसा कोनाडासुद्धा. वर्षानुवर्षं आम्ही त्यावरून स्कूटर नेत होतो.

मी खड्ड्याच्या काठावर बसून राहिलो. वडिलांनी मला सांगितलं होतं, खड्डा भरला. त्यांच्या स्वभावात खोटं बोलणं नव्हतं, निदान पैशाअडक्याच्या बाबतीत तरी नव्हतं. मग मला हळूहळू उलगडत गेलं. माझी नोकरी पहिली काही वर्षं कच्ची होती. दर वर्षी ऑर्डर निघेल की नाही याची धाकधूक. उद्या पोराची नोकरी गेली तर त्याला बसायला जागा असावी, म्हणून त्या माणसाने खड्डा झाकला आणि मला मात्र भरला म्हणून सांगितलं, म्हणजे मी मागे वळून बघत बसू नये. माझी नोकरी पक्की झाली तोवर ते गेले होते. मला त्यांची इतकी आठवण आली की मुलीसमोर नाक पुसायला चष्म्याचं निमित्त करावं लागलं.

मग मी खड्ड्यात पाय सोडून त्यांच्यासारखा बसलो. मुलगी म्हणाली, "दाखवा ना, कसं करत होते."

मी दाखवलं. उजव्या हाताने दोरी ओढायची, धोटा सूत घेऊन इकडून तिकडे पळतो. डाव्या हाताने फणी ठोकायची, म्हणजे सूत घट्ट बसतं. खाली पायांनी पावड्या दाबायच्या, एकदा ही, एकदा ती. हात चुकला तर धागा तुटतो, पाय चुकला तर वीण बिघडते. तिने मला उठवलं, स्वतः बसली, आणि थोड्याच वेळात तिचे चारही हातपाय वेगवेगळे पण एका चालीत हलू लागले. मला ती चाल ओळखीची होती. मी तिच्या आईला हाक मारली, आणि तिची आई पदराला हात पुसत आली, पाहत राहिली, आणि म्हणाली, "पाहा बापा. मी म्हणत होती ना, पोरगी माह्याकडच्या कोनावरच नाही गेली."

खड्डा शेवटी भरावाच लागला. कन्हान नदीची वाळू मागवली. वाळूने घुंकार मरतो, असं मुलीचं म्हणणं, आणि ते बरोबर निघालं. पाट्या मजुरांनी आणल्या, पण खड्ड्यात वाळू मीच ओतली. बायको वरून सूचना करत होती आणि मी तिला वरच राहा म्हणून सांगत होतो.

सांगाडा उभा राहिला तेव्हा दिवाळी जवळ आली होती. त्याच सुमाराला तिच्या ग्रुपमधली दोघं मुलं नागपुरात कुणाच्या तरी लग्नाला आली आणि एका सकाळी आमच्याकडे टपकली. एक गिटारवाला, एक गाणारा. मी त्यांच्याकडे, घर बघायला आलेल्या गिऱ्हाइकाकडे घरमालक बघतो तसा बघत होतो. पोरं मात्र गुणी निघाली. बायकोच्या हातचा रस्सा खाऊन डोळ्यांतून पाणी काढत होती आणि तरी अजून मागत होती. मला ती आवडू नयेत असं मी ठरवलं होतं, ते काही साधलं नाही.

जेवणं झाल्यावर ते तिघं त्या अर्ध्या बूथमध्ये शिरले. तीन बाजूंना पत्रे लागले होते, चौथी बाजू उघडी. मी बाहेर स्टुलावर बसून जोडणीला भोकं पाडत होतो. त्यांनी वाजवायला सुरुवात केली. पलीकडचे गंज अजून पुरते बंद झाले नव्हते. ते किणकिणले, तशी तिघं खो खो हसली आणि त्या किणकिणीच्या तालावरच पुढे गेली. गाणं वळायचं असलं की मुलगी डावीकडे गिटारवाल्याकडे पाहायची, तो हनुवटी जराशी वर करायचा, आणि दोघं एकदम वळायची. गाणारा मध्येच मुद्दाम एक ओळ लांबवत होता. ती त्याला काठी उगारून दाखवत होती आणि तरी त्याच्यासाठी थांबत होती. तिच्या चेहऱ्यावर इतकं काही चाललं होतं की मी ड्रिल हातात धरून नुसता बघत बसलो. असा चेहरा मी घरात कितीतरी महिने पाहिला नव्हता.

संध्याकाळी पोरं गेली. दुसऱ्या दिवसापासून मी बोल्ट घट्ट करताना प्रत्येक जोडाला गुपचूप सरस लावायला लागलो. बोल्ट खोलले तरी सांगाडा खुलू नये, हा हेतू. हे मला शोभत नव्हतं हे कळत होतं, पण हात थांबत नव्हता. एकदा मुलीने माझी बोटं एकमेकांना चिकटलेली पाहिली. गरम पाण्याचा मग आणून तिने ती सोडवली, जोडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसली.

थंडी सरता सरता बूथ पुरा झाला. एकामागे एक दोन दारं, आणि एक खिडकी दुहेरी काचेची, त्यातली एक काच जराशी तिरपी. खिडकीचा आग्रह बायकोचा. "पोरगी आत जिती आहे का नाही हे तं दिसलं पाह्यजे," असं तिचं म्हणणं. मुलगी आत बसली, मी दोन्ही दारं लावली, आणि ती सगळं बळ लावून वाजवत होती हे मला फक्त दिसत होतं. खोलीत इतकी शांतता की स्वयंपाकघरातल्या कुकरची शिटी दचकवून गेली. मी पळत शेजाऱ्यांच्या गोदामात गेलो. गंज गपगार. शेजारी बिचारे कान लावून उभे. "कायचं काही नाही," ते म्हणाले, आणि खरं सांगायचं तर जरा नाराजच झाले.

तिने गाणं पाठवलं. पुण्याहून उत्तर आलं की आवाज एकदम साफ आहे, असाच पाठवत जा, आता तू तिथूनच केलंस तरी चालेल. तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. मी ते दोनदा वाचलं, चप्पल घातली आणि पेढे आणायला गेलो. दुकानदाराने विचारलं, कशाचे पेढे? मी म्हटलं, मुलगी घरी राहणार याचे. तो म्हणाला, लोक मुलगी सासरी गेल्याचे वाटतात. मी म्हटलं, तू पेढे तोल.

त्यानंतर रोज सकाळी ती नाश्ता करून खाली जायची आणि मी थोड्या वेळाने काचेपाशी. काम काही नसायचं. कधी बिजागरीला तेल द्यायचो, कधी काच पुसायचो. माझ्या आयुष्यात मी केलेलं इतकं नेमकं काम दुसरं नव्हतं आणि त्यात माझी मुलगी बसलेली होती. आणखी काय हवं असतं माणसाला?

पण काचेतून चेहरा दिसतो. ती कानांवर हेडफोन चढवून बसायची, पुण्याच्या दोघांनी आधी वाजवून पाठवलेलं ऐकत वाजवायची. हात अचूक, पाय अचूक. चेहरा मात्र परीक्षेचा पेपर सोडवणाऱ्या पोरीचा. चूक झाली की थांबायची, मागे जायची, पुन्हा सुरू. कुणी हसत नव्हतं, कुणी ओळ लांबवत नव्हतं. एकदा मी काच पुसत असताना गाण्याचं वळण आलं असावं, कारण तिने मान उचलून डावीकडे पाहिलं. डावीकडे मी बसवलेली भिंत होती. तिने तेवढ्याच सवयीने मान खाली घेतली आणि वळण घेतलं, बरोबर घेतलं.

मी फडकं घेऊन वर गेलो. दुसऱ्या दिवशी काचेपाशी थांबलो तेव्हा ते पुन्हा झालं, आणि तिसऱ्या दिवशीही. तिला स्वतःला ते कळत तरी होतं की नाही, कोण जाणे. मला कळलं होतं, आणि आता ते न कळल्यासारखं करणं मला जमेना. बायकोशी बोललो. ती भाजी निवडत होती. निवडता निवडताच म्हणाली, "मले दिसत होतं. मी तुमची वाट पाहून राहिली होती."

त्याच दुपारी मी खाली गेलो आणि काचेवर टकटक केली. मुलीने वर पाहिलं. मी म्हणालो, "तू पुण्याले जा."

तिला माझे ओठ हललेले दिसले, एवढंच. तिने हेडफोन काढला, भुवया उंचावल्या. मी मोठ्याने म्हणालो. काही नाही. मी बोटांनी काहीतरी दाखवू लागलो, पण पुणे बोटांनी कसं दाखवायचं? मी बांधलेली ती भिंत माझा एक शब्द आत जाऊ देत नव्हती. तिने हसून हाताने कप तोंडाला लावल्याची खूण केली आणि प्रश्नार्थक पाहिलं. चहा?

हो म्हणून मान हलवणं फार सोपं होतं. वर चहा खरोखरच उकळत होता. चहा झाला असता, ती पुन्हा आत आली असती, बॅग कपाटावर राहिली असती, आणि ती कधीच काही बोलली नसती, हे मला पक्कं माहीत होतं.

मी बाहेरचं दार उघडलं, मग आतलं.

"चहा नाही. तू पुण्याले जा म्हणतो मी."

तिच्या हातात काठ्या तशाच. "काहून? आवाज तं साफ आला ना, बाबा."

"साफ आला. पण तू एकटीच वाजवून राहिली, माय."

ती बराच वेळ ड्रमच्या कातड्यावरची धूळ पुसत राहिली. तिथे धूळ नव्हती. मग म्हणाली, "मले जायचं होतं. पण तुम्ही इतकं जीव लावून करून राहिले होते, मले वाटलं, आता जाते म्हणलं तं तुम्ही... मी बोलूच नाही शकली."

"मग मी बोललो."

"तुमचं कसं होईन?"

"काय होईन? तुही माय आहे ना मले रागवाले." एवढं मी ठीक बोललो. मग मी मागे हात करून आतलं दार ओढून घेतलं, कडी नीट बसली का ते पाहिलं.

"दार काहून लावता?"

"तुह्या मायले ऐकू जाईन," मी म्हणालो, आणि तिच्यासमोर खाली बसून रडलो.